दुपटीचे वचन : खानदेशातील आकड्यांच्या खेळाचा मागोवा

क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावण्याला अलीकडची काही तरुण मंडळी जुगार म्हणत नाहीत, 'अभ्यास' म्हणतात. मागच्या सामन्यांची आकडेवारी, खेळपट्टीचा स्वभाव, नाणेफेकीचा कौल असा सारा 'डेटा' मोबाइलच्या पडद्यावर मांडलेला असतो आणि त्याच्या जोडीला एक 'सिस्टीम' असते. हरलो तर पुढची पैज दुप्पट करायची, जिंकलो तर पुन्हा मूळ रकमेवर यायचे. माणूस सतत थोडाच हरतो? केव्हातरी जिंकणारच, आणि जिंकला की मागचा सगळा तोटा भरून वर नफा उरतो, असा हा युक्तिवाद आहे.

अशा मुलाला 'जुगार वाईट' एवढे सांगून वडीलधाऱ्यांची सुटका होत नाही. त्याने आपल्यापुढे हिशेब ठेवलेला असतो. हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते, आणि तो हिशेब कोठून आला हे ठाऊक असेल तर उत्तर देणे सोपे जाते. पैज चढवीत नेण्याच्या या रीतीला फार जुना इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपल्या जळगाव-धुळ्याच्या मातीलाही स्थान आहे. त्याचाच थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

पाटणचा शिलालेख आणि कवड्यांचे गणित

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण हे गाव आहे. तेथील पाटणादेवीच्या दर्शनास आजही खानदेशातून लोक जातात. या पाटण येथे एक शिलालेख सापडला आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. शके ११२८ च्या, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराच्या या लेखात एका मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. मठ स्थापणारा चांगदेव हा थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन चालावे हा त्या मठाचा हेतू होता.

त्या ग्रंथांपैकी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला वचन दिले, की पहिल्या दिवशी दोन कवड्या देईन आणि नंतर रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देत जाईन. तर महिन्याअखेर तो किती निष्क देईल? दोन कवड्या म्हणजे त्या काळीही जवळजवळ काहीच नव्हे. पण तीस दिवसांची बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क या कोष्टकाने ती रक्कम १,०४,८५७ निष्कांहून अधिक भरते. दोन कवड्यांपासून निघालेला माणूस महिन्याभरात एखाद्या राजाचा खजिना रिता करून बसतो.

भास्कराचार्यांनी हे उदाहरण जुगाऱ्यासाठी लिहिले नव्हते, गुणोत्तर श्रेढी शिकविण्यासाठी लिहिले होते. परंतु हरल्यावर दुप्पट लावण्याची प्रतिज्ञा करणारा माणूस नेमके हेच वचन देत असतो. फरक इतकाच, की तेथे वचन याचकाला दिले होते आणि येथे ते सट्टेवाल्याला दिले जाते. पाटणच्या मठात बसून ज्या विद्यार्थ्यांनी हे गणित सोडविले असेल, त्यांना दुपटीची चाल कोठे नेते हे आठशे वर्षांपूर्वीच कळून चुकले असणार.

आखाजी, कापूस आणि तार

खानदेशाला पैजेचे वावडे कधीच नव्हते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा येथील मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि पुरुष मंडळी पत्त्यांचे डाव मांडतात. एरवी ज्या घरात पत्ता दिसणार नाही त्या घरातही आखाजीला तो चालून जाई. सालदाराचे जुने साल संपून नवे ठरण्याचा काळही हाच. त्यामुळे नव्या सालाची उचल हाती पडण्याची आणि डाव मांडला जाण्याची गाठ पडे. तरीही या खेळाला एक मर्यादा होती. सण सरला की डाव उठे, आणि समोर बसलेला माणूस आपल्याच गावचा असे.

ही मर्यादा मोडली ती कापसाच्या भावाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचले. पुढे १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. युद्ध थांबताच १८६५ मध्ये भाव कोसळला आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनाढ्यांसह मुंबईचा सारा शेअरबाजार आपटला. जळगावच्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव सातासमुद्रापलीकडे ठरतो, हा धडा खानदेशाने तेव्हा प्रथम घेतला. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली आणि तो दूरचा भाव काही तासांत कळू लागला.

भावाच्या चढउताराची जोखीम सांभाळण्यासाठी व्यापारी वायद्याचे सौदे करीत. कापूस खरोखर पिकवणाऱ्याला, पिंजणाऱ्याला, विकणाऱ्याला त्याचा उपयोग होता. परंतु जेथे भाव येतो तेथे भावावर पैज लावणारा माणूसही येतो. ज्याच्याकडे कापसाचे बोंडही नाही असा माणूस, भावाच्या आकड्यातील शेवटचा अंक कोणता येईल यावर पैसे लावू लागला. मुंबई इलाख्यातील १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या तरतुदी वाचल्या तर त्यांत कापसाचा वा अन्य मालाचा बाजारभाव, आणि तो भाव सांगणाऱ्या संख्येतील अंक, यांवरील पैजेचा स्पष्ट उल्लेख सापडतो. पाऊस पडेल की नाही, किती पडेल, यावरच्या पैजेचाही आहे. कायद्याला एखाद्या गोष्टीचे नाव घ्यावे लागते, तेव्हा ती गोष्ट किती फोफावली असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

आकड्यापासून मटक्यापर्यंत

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत हा 'आकडा' न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर खेळला जाई. १९६०-६१ च्या सुमारास तिकडून येणारे भाव थांबले. कापूस संपला म्हणून खेळही संपावयास हवा होता, पण तो संपला नाही. मुळात कापसाशी त्याचे नाते उरलेच नव्हते, हवा होता तो केवळ अंक. १९६२ मध्ये कच्छहून मुंबईस आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःची सोडत सुरू केली. १९६४ मध्ये फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी आपला वेगळा 'न्यू वरळी' मटका काढला. मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या काढीत म्हणून मटका हे नाव पडले. पुढे मडके गेले आणि पत्ते आले, नाव मात्र राहिले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. पहिला अंक 'ओपन', दुसरा 'क्लोज', दोन्ही मिळून 'जोडी'.

मुंबईच्या गिरणगावात हा खेळ रुजला आणि तेथून टेलिफोनच्या तारेवरून गावोगाव पसरला. खानदेशातील बाजारपेठांत, गिरण्यांच्या फाटकांपाशी, पानाच्या टपरीवर 'आज काय आला?' हा प्रश्न सर्वांना कळणारा झाला. ज्या कापसाच्या भावातून हा आकडा जन्मला तो पिकवणाऱ्या मुलुखातच तो अशा रीतीने परत आला, पण आता त्याला ना बोंड होते ना सरकी. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव ओस पडले, १९९० च्या दशकात पोलिसांची कारवाई कडक झाली आणि मटक्याचे जुने वैभव ओसरले. रतन खत्री २०२० साली वारले. खेळ मात्र अजून नाहीसा झालेला नाही.

येथे त्याच्या व्यवहाराकडे नीट पाहिले पाहिजे. दहा अंकांपैकी एका अंकावर एक रुपया लावला आणि तो आला, तर साधारणतः नऊ रुपये मिळत, जोडीवर शंभरांत एक संधी असता नव्वद. म्हणजे एखाद्याने दहाही अंकांवर एकेक रुपया लावला, तर दहा जाऊन नऊ परत येणार. तो गेलेला रुपया ही चालवणाऱ्याची खात्रीची मिळकत. सोडत अगदी प्रामाणिक आहे असे धरले तरी दर दहा रुपयांमागे एक रुपया खेळणाऱ्यांच्या हातून जातोच.

तक्ता आणि चढती पैज

हे न समजण्याइतके खेळणारे अडाणी नव्हते. त्यांच्यात हुशार माणसेही होती, आणि हुशारीनेच त्यांना अधिक गुंतविले. वर्षानुवर्षांच्या आकड्यांचे तक्ते तयार झाले. हातात पेन्सिल घेऊन तासन्‌तास तक्ता वाचणारा माणूस ही एकेकाळी आपल्या गावांतील ओळखीची मूर्ती होती. कोणता अंक किती दिवसांत आला नाही, कोणत्या वारी कोणती जोडी फिरून येते, याची टिपणे वहीत केलेली असत. आज ज्याला 'डेटा' म्हणतात त्याचा हा पूर्वज.

तक्त्यातून निष्कर्ष निघे तो असा, की सात हा अंक वीस दिवस आलेला नाही, तेव्हा तो आता येणारच. मग रोज सातवर लावायचे आणि येईपर्यंत पैज चढवीत न्यायची. परंतु पत्त्यांना स्मरणशक्ती नसते. काल काय निघाले हे आजच्या पत्त्याला ठाऊक नसते. सात येण्याची शक्यता पहिल्या दिवशी दहात एक, आणि एकविसाव्या दिवशीही दहात एकच. एखादा ठरावीक अंक सलग २२ सोडतींत न येणे ही जवळजवळ दहात एकदा घडणारी, अगदी साधी गोष्ट आहे. ४४ सोडतींत न येणे हे सुमारे शंभरात एकदा घडते.

आता त्या चढत्या पैजेची बेरीज करू. एकास नऊ या दराने पहिले आठ दिवस दहा-दहा रुपये लावून भागते. नवव्या दिवसापासून मागचा तोटा भरून किमान दहा रुपये उरावेत असे वाटत असेल, तर पैज रोज सुमारे अष्टमांशाने वाढवावी लागते. २२ सोडती रित्या गेल्या तर साडेचारशेवर रुपये बुडालेले असतात. ४४ गेल्या तर सहा हजारांवर. आणि हे सारे कशासाठी? जिंकलो तर दहा ते ऐंशी रुपयांच्या लाभासाठी. यात जिंकण्याचे प्रसंग पुष्कळ येतात, हाच खरा मोह आहे. माणूस महिनोन्‌महिने थोडेथोडे जिंकतो, शेजाऱ्याला सांगतो, स्वतःचीही खात्री पटवतो. मग एकदा ती रिती मालिका येते आणि बायकोच्या अंगावरचा दागिना सराफाकडे जातो.

युरोपातील जुने शहाणपण

हा मोह केवळ आपल्याकडचा नव्हे. हरल्यावर दुप्पट लावण्याच्या रीतीला अठराव्या शतकातील युरोपात 'मार्टिंगेल' म्हणत. व्हेनिस येथील रिदोत्तो या जुगारगृहात १७५४ च्या सुमारास कासानोव्हा हा प्रसिद्ध भटक्या याच रीतीने खेळला. आरंभी त्याने बरेच जिंकले, आणि शेवटी पुन्हा दुप्पट लावण्यास पैसेच उरले नाहीत अशा अवस्थेस तो पोहोचला. ते पैसेही त्याचे नव्हते, त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या स्त्रीचे होते. हरल्यावर एकाने वाढवायचे आणि जिंकल्यावर एकाने कमी करायचे, या सौम्य रीतीला दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञाचे नाव चिकटले आहे. या थोर विद्वानाने नाणेफेकीच्या साध्या प्रश्नात चूक केली होती. दोनदा नाणे उडविले असता एकदा तरी छाप पडण्याची शक्यता तीन-चतुर्थांश असताना त्याने ती दोन-तृतीयांश मानली. विद्वत्ता असली म्हणून संभाव्यतेत माणूस फसत नाही असे नाही, हे यावरून दिसते. १९१३ साली माँटे कार्लो येथे चक्रावर सलग २६ वेळा काळा रंग आला, तेव्हा 'आता तांबडा येणारच' म्हणत लोक अधिकाधिक पैसे लावीत गेले आणि धुळीस मिळाले.

हे गणित शुद्ध करण्याचे काम मात्र एका श्रद्धावान कॅथॉलिक विचारवंताच्या हातून सुरू झाले. १६५४ मध्ये पास्काल आणि फेर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या डावातील रक्कम न्याय्य रीतीने कशी वाटावी यावर पत्रव्यवहार केला आणि संभाव्यतेचे शास्त्र आकारास आले. त्या शास्त्राच्या आधारे दुपटीचा हिशेब कागदावर मांडू.

समजा, छाप-काट्याचा खेळ आहे, कोणी मध्ये काही कापून घेत नाही, आणि दहा रुपयांपासून आरंभ करून दहा वेळा दुप्पट लावण्याची ऐपत आहे. दहाही वेळा हरल्यास १०,२३० रुपये बुडतात. असे घडण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. उरलेल्या १,०२३ प्रसंगी दहा-दहा रुपये मिळतात. १,०२३ गुणिले दहा किती? बरोबर १०,२३०. एका प्रसंगी जे जाते तेवढेच, एक पैसाही कमी-अधिक नाही, बाकीच्या सर्व प्रसंगी मिळते. दुपटीच्या युक्तीने काहीही निर्माण झाले नाही. लहान लाभ पुष्कळ झाले, आणि सगळी हानी एका ठिकाणी साचून राहिली.

परंतु सट्टेवाला काही कापल्यावाचून राहत नाही. समजा, बरोबरीच्या सामन्यात रुपयाला नव्वद पैसे मिळतात. दहा, वीस, चाळीस, ऐंशी असे चार वेळा हरून दीडशे गेले. पाचव्या वेळी १६० लावून जिंकलो तर मिळतात १४४. म्हणजे जिंकूनही सहा रुपये तोटाच! अशा दरात केवळ बरोबरीत राहण्यासाठी शंभरातील सुमारे ५३ अंदाज खरे ठरावे लागतात.

तर मग डेटाचा काहीच उपयोग नाही काय? शास्त्राने त्याचेही उत्तर दिले आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी, तारेवरून आगाऊ खबर मिळणाऱ्या एका कल्पित जुगाऱ्याने किती पैज लावावी, याचे सूत्र मांडले. बरोबरीच्या दरात जिंकण्याची खरी शक्यता ५५ टक्के असेल तर त्याने जवळच्या रकमेचा दहावा भाग लावावा. शक्यता ५० टक्के असेल तर शून्य लावावे. आणि हरल्यावर जवळची रक्कम कमी झालेली असते, म्हणून पुढची पैजही कमी व्हावी. चढत्या पैजेच्या नेमके उलट! खरी माहिती ज्याच्यापाशी आहे त्याला दुपटीची गरज नाही, आणि ज्याच्यापाशी ती नाही त्याला दुप्पट वाचवू शकत नाही. आमच्या तरुणांच्या 'सिस्टीम'ला याहून कडक उत्तर कोणत्याही प्रवचनात सापडणार नाही.

घरातली बाकी

ख्रिस्तसभेची भूमिका या बाबतीत समतोल आहे. प्रेषितांनी मत्तियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली, आणि क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या वस्त्रावर चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी तीच, मन वेगळे. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने नशिबाचे खेळ मुळातच अन्याय्य मानलेले नाहीत. परंतु स्वतःच्या व इतरांच्या गरजेचे ज्यामुळे हिरावले जाते ते नैतिकदृष्ट्या अमान्य ठरते, आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असे त्यात सांगितले आहे. धर्मग्रामाच्या सणाला होणारी हौजी आणि ही चढती पैज यांतील सीमारेषा येथे आहे. हौजीचे तिकीट हरल्यावर दुसऱ्या तिकिटाला दुप्पट पैसे द्यावे लागत नाहीत, आणि संध्याकाळ संपली की खेळ संपतो.

गुलामीतून सुटका होऊ शकते याची साक्ष संत कामिल्लुस देतात. १५५० मध्ये जन्मलेल्या या इटालियन शिपायाने १५७४ साली नेपल्स येथे जवळचे सर्व काही जुगारात घालविले. पुढे कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करीत असता १५७५ मध्ये त्यांचे परिवर्तन झाले. त्यांनी रुग्णसेवेचा संघ स्थापला, आणि तांबड्या क्रुसाचे चिन्ह अंगावर धारण करून त्या संघाचे बंधू रुग्णांच्या सेवेस लागले. १७४६ मध्ये त्यांना संतपद मिळाले. ज्याने कधीकाळी अंगावरचे कपडेही पणाला लावले, तो रुग्णांचा आश्रयदाता ठरला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्यांनी गमावलेले पुन्हा जिंकून भरून काढण्याचा नाद सोडला. बुडाले ते बुडाले म्हणून सोडून दिले आणि दिवसाच्या मजुरीपासून आरंभ केला.

आज आकडा टपरीवरून मोबाइलवर आला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, हे योग्यच झाले. पण १८८७ च्या कायद्याने आकडा थांबला नाही, हेही इतिहासच सांगतो. कायदा दारापर्यंत येतो, घरात शिरणे त्याला कठीण जाते.

घरातले काम घरच्यांनीच करावयाचे आहे. युधिष्ठिराने मोती, सुवर्ण, रथ यांपासून आरंभ केला आणि चढत्या पैजेने तो भाऊ, स्वतः आणि पत्नी येथवर पोहोचला. सभेत वडीलधारे बसलेले होते, पण त्याचा हात कोणी धरला नाही. आपल्या घरातला मुलगा 'एवढे एकदा भरून निघू दे' असे म्हणू लागला, तर त्याच्यावर ओरडण्याआधी वही-पेन्सिल घेऊन त्याच्या शेजारी बसावे. दहापासून दहा वेळा दुप्पट मांडायला लावावे. मग झालेले कर्ज किती, ते सर्वांसमक्ष विचारावे, आणि ते मजुरीतून, पिकाच्या पैशातून, थोडेथोडे फेडण्याची वाट त्याच्याबरोबर ठरवावी. ती वाट संथ आहे, पण तिची बेरीज घरात राहते.